एल्डरकोमची चर्चवही आणि खडकाळ टेकडी

जायचं ठरलं तेव्हा मला चौथा महिना संपत आला होता आणि ही बातमी मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावातल्या सगळ्या मराठी घरांत पोचलेली होती. त्यामुळे सल्ल्यांना काही तोटा नव्हता. शेजारच्या शिंदेकाकू तर दुपारी घरी येऊनच बसल्या.

"सुजाता, अशा अवस्थेत व्हर्जिनियाच्या डोंगरात? तेही कुठल्याशा चर्चच्या जुन्या वह्या वाचायला? सरळ कॅन्सल कर."

"काकू, मिलिंद ड्राइव्ह करणार आहे. मी नुसती बसून असेन."

"बसूनच होतं जे व्हायचं ते," काकू म्हणाल्या. पुढचे आठ दिवस हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. माझा नवरा मिलिंद डेट्रॉइटच्या बाजूला एका गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि मी ग्रंथालयशास्त्राचं एमए करत होते. प्रबंधाला विषय घेतला होता एका खेड्याच्या पॅरिशचा इतिहास. पॅरिश म्हणजे एक चर्च आणि त्याच्या अखत्यारीतला आसपासचा मुलूख. इंग्लंडहून व्हर्जिनियात आलेल्या लोकांनी ही पद्धत जशीच्या तशी बरोबर आणली होती. गावाला नावही आपल्या इंग्लंडमधल्या खेड्याचंच दिलं, एल्डरकोम. जन्म, लग्न, मरण, गरिबांना दिलेलं धान्य, शेताच्या हद्दी, सगळं चर्चच्या वहीत लिहिलं जायचं. आमच्या प्राध्यापकांचं आजोळ तिथलं होतं. "छत गळतंय, वह्या किती दिवस टिकतील सांगता येत नाही," असं सांगून त्यांनी तिथल्या विश्वस्त बाईंना माझ्यासाठी पत्र लिहिलं.

मला त्या वह्यांचं एवढं का वाटावं, तेही सांगते. आम्ही दोघं नागपूरकडचे, बौद्ध. माझ्या आजोबांची वस्ती गावकुसाबाहेर. गावच्या दप्तरात आमच्या माणसांचा उल्लेख आलाच तर कामापुरता. एका खेड्यातल्या प्रत्येक माणसाची नोंद दोनशे वर्षं कुणीतरी नेमाने ठेवली, या कल्पनेनेच मी भारावून गेले होते.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी पहाटे निघालो. पोळ्या, वांग्याची सुकी भाजी, जवसाची चटणी, थर्मासमध्ये चहा. मिलिंदचा कॅमेरा आणि ब्लॅक अँड व्हाइट रोलची पिशवी मागच्या सीटवर. टोलेडो, कोलंबसपर्यंत रस्ता सपाट आणि कंटाळवाणा. ओहायो नदी ओलांडली की डोंगर सुरू होतात. आज तुम्ही तिथून इंटरस्टेटच्या रुंद हमरस्त्याने सलग जाल, पण तेव्हा वेस्ट व्हर्जिनियातला त्याचा एक तुकडा बांधून झालेला नव्हता. चार्लस्टनच्या पुढे जुना दोनपदरी घाट चढावा लागे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मागून कोळशाचे ट्रक. ट्रकवाला हॉर्न वाजवत नसे. नुसता आरशात मोठा मोठा होत जाई. पानगळीचे रंग बघायला लोक लांबून येतात म्हणे. मी पूर्ण घाट उजव्या हाताने दाराची मूठ आणि डाव्या हाताने पोट धरून बसले होते.

पेट्रोल भरायला थांबलो तिथला माणूस खिडकीत वाकला. "इराणी का?" इराणमधल्या अमेरिकन ओलिसांचा राग तेव्हा लोकांच्या मनातून गेलेला नव्हता.

"नाही. इंडियन," मिलिंद म्हणाला.

तो पैसे घेऊन आत गेला आणि आम्ही रस्त्याला लागेपर्यंत काचेमागे उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. एवढंच झालं. सांगण्यासारखं काहीच नाही, पण पुढचे दहा मैल मिलिंद सारखा आरशात मागे बघत होता.

संध्याकाळी एका मोटेलबाहेर 'खोल्या रिकाम्या' असा लाल दिवा जळत होता. मिलिंद आत जाऊन दोन मिनिटांत परत आला. "फुल आहे म्हणतात." आमच्या मागून आलेल्या गाडीतलं जोडपं आत गेलं आणि किल्ली घेऊन बाहेर आलं. मिलिंद स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिला. "चल यार, पुढे बघू," एवढंच म्हणाला. पुढच्या मोटेलमध्ये खोली मिळाली. तिथल्या बाईने माझ्याकडे बघून न मागता एक जादा उशी आणून दिली. दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर, अर्ध्या तासाच्या अंतराने घडल्या.

सोमवारी दुपारी एल्डरकोमला पोचलो. एक दुकान, एक पोस्ट, पांढऱ्या लाकडाची पंचवीसेक घरं. ओढ्याच्या वळणावर तांबड्या विटांचं चर्च, भोवती दगडी भिंत, मागे झाडीने भरलेली टेकडी. गावात यायला ओढ्यावरचा एकच पूल. दुकानात दूध घ्यायला गेले तर आतलं बोलणं एकदम थांबलं. मी दूध घेतलं, 'थँक यू' म्हटलं, बाहेर आले. दार बंद झालं तसं बोलणं पुन्हा सुरू झालं.

चर्चच्या किल्ल्या मिसेस व्हिटलो यांच्याकडे होत्या. पंचाहत्तरीच्या, ताठ, कानात मोती, हातात मोजे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"प्रोफेसरांनी लिहिलं होतं की एक विद्यार्थिनी येईल. इतक्या लांबची असेल असं नव्हतं लिहिलं."

"नोव्हाय फार लांब नाही," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. लोखंडी पेटीतून त्यांनी दोन जाडजूड वह्या काढून टेबलावर ठेवल्या आणि स्वतः खिडकीपाशी विणकाम घेऊन बसल्या. मी पान उलटलं की त्यांच्या सुया थांबत.

वाचायला लागले आणि पहिल्या तासाभरातच माझा उत्साह मावळला. एका ओळीत 'मेरी, जॉन व्हिटलो यांची कन्या, बाप्तिस्मा.' तिच्याच खाली 'जॉन व्हिटलो यांच्या मालकीची एक काळी बाई, पुरली.' पुढे 'त्यांच्याच मालकीचं एक मूल.' पानामागून पान असंच. मालकाचं नाव ठळक अक्षरात, मेलेल्याचं कुठेच नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्या खंडातल्या त्या शाईत मला आमच्या गावची रीत ओळखू आली.

"ही माणसं कुठे पुरलीत?" मी विचारलं.

मिसेस व्हिटलो सुयांवरून नजर न काढता म्हणाल्या, "टेकडीवर, असं म्हणतात. तिकडे जाऊ नका. साप असतात."

"तुम्ही गेला आहात कधी?"

"नाही."

दुसरी वही कारभाराची होती. तिच्यात सीमाफेरीच्या नोंदी होत्या. दर काही वर्षांनी पॅरिशचे लोक मिळून हद्दीवरून चालत जात आणि खुणा तपासत. ती वाट शब्दांत लिहून ठेवलेली होती: चर्चच्या उत्तर दारातून भिंतीच्या खिंडारापर्यंत, तिथून झऱ्यावरून, मग खडकाळ टेकडीच्या वाटेने काळ्यांच्या दफनभूमीपर्यंत. काही पानांनंतर एका पुराची नोंद सापडली. पाणी चर्चमध्ये शिरलं, गॅलरीच्या, म्हणजे वरच्या सज्जाच्या, जिन्याच्या पाचव्या पायरीला लागलं, लोक उत्तरेच्या वाटेने टेकडीवर गेले. मी दोन्ही नोंदी उतरवून घेतल्या आणि मिलिंदने त्या पूर्ण वहीचे फोटो काढले.

मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या आवारात कागद आणि कॅमेरा गाडीत ठेवत होतो तेव्हा भिंतीपलीकडे एक उंच, म्हातारा काळा माणूस येऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "मी कोल्स. इथल्या शाळेत शिकवायचो. वर टेकडीमागे राहतो. तुम्ही चर्चची वही वाचताय असं ऐकलं. आमचे लोक आहेत का त्यात?"

"आहेत," मी म्हणाले. "पण नावं नाहीत."

"नावं माझ्याकडे आहेत," मिस्टर कोल्स म्हणाले.

मागे खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. मिसेस व्हिटलो आतून कडी लावत होत्या. मिस्टर कोल्सनी टोपी घातली, तिरप्या नजरेने ढगांकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्या ओढ्यावर लक्ष ठेवा." मग आले तसे निघून गेले.

पाऊस मंगळवारी रात्रभर पडला आणि बुधवारी थांबायचं नाव घेईना. तरी आम्ही चर्चवर गेलो, कारण पहिल्या वहीची शेवटची पानं राहिली होती. दुपारी बारा वाजता कॅमेऱ्याच्या फ्लॅशची बॅटरी संपली. आमचा मुक्काम होता त्या आठ मैलांवरच्या गावात मिळेल, ऑफिसला फोनही करून येतो म्हणाला मिलिंद.

"मी येऊ?"

"कशाला भिजतेस? तासाभरात आलोच."

फोटो काढून झालेले रोल गाडीतच होते. तो पूल ओलांडून गेला. मी दारातून गाडीचे मागचे दिवे वळणाआड जाईपर्यंत बघत होते.

एक वाजला, दीड वाजला. ओढ्याचा आवाज बदलला. आधी खळखळ होती, आता खालून कुणी जड सामान ओढत असावं तशी घरघर. दोन वाजता दिवे गेले. मी बाहेर डोकावले. पूल दिसत नव्हता. जिथे पूल होता तिथे तपकिरी पाणी उसळत होतं आणि त्यात अख्खं झाड मुळांसकट गरगरत होतं.

मिलिंद पुलावर असेल तर? मी चौकट धरून उभी राहिले. पाणी आवाराच्या फाटकातून आत येत होतं, सावकाश, जमिनीवरची पानं उचलत.

"मिसेस व्हिटलो, आपल्याला निघायला हवं."

"मूर्खपणा. या चर्चमध्ये पाणी कधीच शिरलेलं नाही. माझे वडील सांगायचे. फार तर आपण गॅलरीत जाऊन बसू."

"शिरलंय. पाचव्या पायरीपर्यंत. तुमच्याच वहीत लिहिलंय." मी माझा कागद त्यांच्यापुढे धरला. दिवे गेल्यामुळे त्यांना तो वाचता येईना. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

त्या मग हळू आवाजात म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी या वह्या सांभाळते आहे. ते अक्षर मला कधी लागलंच नाही."

पाणी उंबऱ्यावरून आत आलं. आम्ही एकेक वही उचलली. जन्ममरणाची त्यांनी घेतली, कारभाराची मी माझ्या रेनकोटमध्ये गुंडाळली. उत्तरेचं दार वर्षानुवर्षं उघडलेलं नव्हतं. खांद्याने ढकललं, पुन्हा ढकललं, पोटात कळ आली. तिसऱ्यांदा दोघींनी मिळून जोर लावला तेव्हा ते सुटलं. बाहेर गुडघाभर पाणी, बर्फासारखं गार. भिंतीत खिंडार कुठे ते वेलींमुळे दिसेना. मी भिंत चाचपत चालले. दगड, दगड, वेल, दगड, आणि मग हात एकदम मोकळ्या जागेत गेला.

खिंडारापलीकडे झरा होता. लिहिलं होतं तसाच, फक्त आता तोही फुगलेला. तो पार केला की चढ. मी पुढे, मिसेस व्हिटलो मागे. पहिल्याच खडकावर त्यांचा पाय घसरला. मी वळून पाहिलं तर त्या कमरेपर्यंत पाण्यात, एका हाताने वही छातीशी आणि दुसऱ्या हाताने एक फांदी धरलेली. फांदी वाकत होती.

माझे दोन्ही हात माझ्या वहीभोवती होते. मी वही सोडली. रेनकोटसकट ती पाण्यावर पडली, एकदा उलटली आणि दिसेनाशी झाली. मी खडकावर पालथी पडून त्यांचं मनगट पकडलं.

"सोडू नका," मी ओरडत होते. मराठीत ओरडत होते, हे नंतर लक्षात आलं.

किती वेळ तशी होते सांगता येणार नाही. हात खांद्यातून निसटेल असं वाटत होतं. पोटाखाली खडक रुतत होता आणि मी त्या बाळाची मनातल्या मनात माफी मागत होते. मग वरून हाक ऐकू आली. मिस्टर कोल्स दोर घेऊन उतरत होते. दोराचं एक टोक झाडाला होतं, दुसरं कमरेला. त्यांनी मिसेस व्हिटलोंना काखेत हात घालून वर ओढलं आणि मला म्हणाले, "चालता येतंय? मग चला. थांबायचं नाही."

वर पोचलो. ओकच्या झाडांखाली उघडी जागा होती आणि तिच्यात कुठे कुठे नुसते उभे केलेले, न घडवलेले दगड. मिसेस व्हिटलो थरथरत एका दगडाजवळ टेकायला गेल्या.

"तिथे नको," मिस्टर कोल्स म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "ती माझ्या पणजीची आई. हॅना. इकडून या. दोन दगडांच्या मधून चाला."

मिसेस व्हिटलो जागच्या जागी थांबल्या. ओल्या वहीवर त्यांची बोटं घट्ट होती. पायाखाली बघत, मिस्टर कोल्सनी दाखवलं तिथेच पाऊल ठेवत त्या चालत गेल्या. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "आणि हा?"

"आयझॅक. त्याच्या बाजूला त्याची मुलगी, डायसी."

पावसात भिजत, ओळीने, ते प्रत्येक दगडाचं नाव सांगत गेले आणि त्या ऐकत गेल्या.

मिस्टर कोल्सचं घर टेकडीच्या माथ्यामागे होतं. आत लाकडाची शेगडी पेटलेली. त्यांनी कोरडे कपडे दिले, मक्याचा पाव आणि उकडलेला घेवडा पुढे ठेवला. माझ्या पोटातली कळ थांबली होती, पण आत काही हलतंय की नाही तेही कळत नव्हतं, कारण आधीही ते जेमतेम जाणवायचं. त्यांच्या अंगणातून खालचं वळण दिसत होतं. चर्चच्या खिडक्यांच्या वर पाणी. आणि वळणावर, झाडांत अडकलेलं एका गाडीचं छत.

चिखलामुळे रंग कळत नव्हता. आमची गाडी फिक्या निळ्या रंगाची. मी त्या छताकडे बघत उभी राहिले. मिस्टर कोल्स आत चला म्हणाले, मी गेले नाही. मिसेस व्हिटलो घोंगडी पांघरून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही वही टाकलीत," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. हातमोजे नव्हते त्या दिवशी.

अंधार पडण्याच्या जरा आधी डोंगरामागच्या कच्च्या रस्त्याने आगबंबवाल्या स्वयंसेवकांचा पिकअप ट्रक आला. मागे उभ्या असलेल्या माणसांत मिलिंद होता, डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेला. पोलिसांनी त्याला पुलाच्या अलीकडेच अडवलं होतं. तीन तास तो भेटेल त्याला एकच सांगत होता, माझी बायको चर्चमध्ये आहे. झाडांत अडकलेलं छत चर्चबाहेर उभ्या असलेल्या मिसेस व्हिटलोंच्या गाडीचं होतं. मिलिंद उडी मारून उतरला, माझ्यापाशी आला आणि खाली जमिनीवर बसला. मीही बसले. मग आम्ही दोघंही रडलो, लोकांसमोर.

दुसऱ्या दिवशी मोठ्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोटावर यंत्र लावलं. गाडीच्या इंजिनासारखे भराभर ठोके ऐकू आले. मिलिंद म्हणाला, "आरपीएम जास्त वाटतोय." डॉक्टरांना तो विनोद कळला नाही. परत येताना आम्ही घाट टाळून लांबच्या रस्त्याने आलो.

तुम्ही तिकडे जाणार असाल तर जरूर जा. आता रस्ता चांगला आहे, पूल उंच बांधलाय, चर्चही दुरुस्त झालंय. पानगळीत जा, पण पावसाचा अंदाज बघून जा आणि ओढ्याकाठी मुक्काम करू नका. आणि टेकडीवर जायला विसरू नका. उत्तरेच्या दारापासून आता पायवाट केलीये. माझ्या हातून गेलेली कारभाराची वही आमच्या फोटोंमुळे वाचता तरी येते. मिसेस व्हिटलोंनी पुढच्या वर्षी मला पाकीट पाठवलं. त्यात टाइप केलेल्या यादीची प्रत होती: मिस्टर कोल्सनी सांगितलेली सगळी नावं, पुरातून वाचलेल्या वहीच्या शेवटी जोडलेली. खाली दोघांच्या सह्या.

मला भीती मात्र उरली ती उरलीच. आजही घराच्या पन्हळीतून पाणी जोरात वाहू लागलं की मी उठून सगळे घरात आहेत ना ते बघून येते. मुलगी हसते. "आई, इट्स जस्ट रेन."

नोव्हायला परत आल्यावर आठवड्याभराने मी एक कोरी वही घेतली आणि आमच्या घरातली नावं लिहायला बसले. वडील, आजोबा, पणजोबा. चौथ्या ओळीला अडले. बायकांची तर त्याआधीच संपली. मग बाबांना नागपूरला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. ते खास गावी जाऊन, नव्वदीच्या आत्याबाईंपाशी बसून, विचारून आले होते. चौदा नावं होती. कोण कुणाचं ते बारीक अक्षरात लिहिलेलं. आणि अगदी तळाशी, शाई संपत आल्यासारख्या फिकट ओळीत: "आणखी एक बाई होती. तुझ्या खापरपणजोबांची आई. साथीत सगळं घर तिने एकटीने सांभाळलं म्हणतात. नाव कुणालाच आठवत नाही. तिच्यासाठी एक ओळ मोकळी ठेव."